कोपऱ्यातला निळा तुकडा

बाई,

आज सकाळी शेजारची मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "काकू, तुमच्या गोधडीचा फोटो काढू का? मला अशीच करायचीय. विकायला वगैरे नाही हं, घरीच, बाळासाठी." गोधडी मी गॅलरीच्या कठड्यावर टाकली होती. आमच्या टिटवाळ्याच्या इमारतीसमोर आता दुसरी इमारत उभी राहिली आहे, त्यामुळे ऊन नऊ ते अकरा एवढंच मिळतं, आणि त्या दोन तासांत अख्खा मजला आपापल्या गाद्या-उशा घेऊन कठड्यापाशी गोळा होतो. मी म्हटलं, "काढ की." तिने चारी बाजूंनी फोटो काढले, घरात जाऊन टेप आणली, चौकोन मोजले, आणि मग एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा तुकडा वेगळाच का लावलाय?" मी तिला काय सांगितलं ते शेवटी लिहिते. ती गेल्यावर कुकर लावायचा सोडून मी कागद घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं तर कधीच होऊन गेली. इतक्या उशिरा खुलासा देणारी तुमची विद्यार्थिनी मी एकटीच असेन, पण क्लासला तरी मी कधी वेळेवर येत होते?

तुमचा क्लास म्हणजे डोंबिवली पूर्वेच्या त्या दुमजली चाळीतल्या मागच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पायाची तीन मशीन, त्यातलं एक कायम रुसलेलं. आतल्या स्वयंपाकघरात ओट्यालगत सतरंजी अंथरलेली, तिच्यावर खाकी कागद पसरून आम्ही गुडघ्यांवर बसून कापड बेतायचो. रविवारी सकाळी सगळी चाळ टीव्हीसमोर बसायची अशी ती वर्षं, आणि तुम्ही मुद्दाम तीच वेळ धरली होती. "ज्यांना बघायचंय त्यांनी खुशाल बघावं, इथली गर्दी तेवढीच कमी होईल," असं म्हणायचात. कपड्यांना वास लागू नये म्हणून क्लासच्या दिवशी तुमच्या घरात फोडणी नसायची. बारा वाजता तुम्ही दहीपोहे कालवायचात आणि आम्हा पाचसहा जणींच्या हातावर चमचा चमचा ठेवायचात, कारण ताटल्या काढल्या की त्या धुण्यात वेळ जातो. अजूनही शिवायला बसायच्या दिवशी माझ्या हातून फोडणी होत नाही. घरातले कुरकुरतात, मी ऐकून घेते.

आणि ती वही. प्रत्येकीला तुम्ही एक लांबट वही करायला लावली होती. डावीकडे नमुन्याचा तुकडा चिकटवायचा, उजवीकडे दोन रकाने. पहिल्याच्या डोक्यावर 'कसं केलं', दुसऱ्याच्या डोक्यावर 'कुठून घेतलं'. पहिल्यात चूक झाली तर तुम्ही हसून उसवायला सांगायचात. दुसरा रकाना कोणी रिकामा ठेवला तर मात्र तुमचा आवाज बदलायचा. आठवतं तुम्हाला, एकीने कुठल्याशा मासिकातला झालरीचा फ्रॉक जसाच्या तसा उतरवला होता आणि ती घाबरून बसली होती की हे चालतं की नाही? तुम्ही म्हणालात, "बहिणीला घालणार आहेस ना? मग घाल, गोड दिसेल. छापलंय ते लोकांनी शिवून बघावं म्हणूनच. फक्त खाली लिही कुठलं ते. उद्या तू दुकान काढलंस आणि हाच फ्रॉक माझा म्हणून टांगलास, तर मात्र मी येऊन उतरवीन." ती पोरगी पुढे मशीन विकून बँकेत लागली, त्यामुळे तुम्हाला काही उतरवायला लागलं नाही.

मी तो रकाना अगदी इमानाने भरत होते. 'बाईंच्या कॉलरवरून.' 'मासिकावरून.' 'मावशीकडच्या झबल्यावरून.' एका रविवारी तुम्ही तांदूळ निवडत बसला आहात, मांडीवर सूप आहे, आणि माझी वही शेजारी उघडी आहे. पान उलटता उलटता तुम्ही म्हणता, "तुझा हात फार स्वच्छ आहे गं. टीप बघत राहावी अशी. पण सगळीकडे ह्यावरून, त्यावरून. यात तुझं काही आहे की नाही?" तुम्ही ते सहज म्हणालात, पुढचा खडा उचललात आणि विसरूनही गेलात. बाकीच्या हसल्या. मी पण हसले. पण माझं लग्न होऊन मी कल्याणला राहायला गेले तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मला त्याचा राग आला होता, बाई. खरं लिहिलं म्हणून ऐकून घ्यावं लागलं, असं वाटलं होतं. ज्या मुली लबाडीने 'स्वतःचं' असं लिहायच्या त्यांना तुम्ही कधी काही बोलला नाहीत, कारण त्यांची लबाडी तुम्हाला कळत नव्हती. माणूस ओळखण्यात तुम्ही अगदी कच्च्या होतात. हे तुमच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती, म्हणून आता म्हणून घेते.

लग्नाआधीपासून मी कोलशेतच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. माझ्या शेजारी उभी राहणारी मैत्रीण बाळकुमची, खाडीकाठच्या कोळ्यांतली. तिला मुलगी झाली आणि बारशाला तिने आम्हाला सगळ्यांना घरी बोलावलं. मला तेव्हा चौथा महिना होता. पाळण्यात घातलेली गोधडी बघून मी बाळाकडे बघायचं विसरले. लाल आणि हिरव्या चौकड्यांची जुनी लुगडी, बाहेरून आत चौकोनात चौकोन, आणि त्या सगळ्यावरून धावदोऱ्याची एकच रेघ, एका कोपऱ्यात सुरू होऊन गोल गोल फिरत मधोमध येऊन थांबलेली. कुठे गाठ दिसत नव्हती. आणि जिथून दोरा सुरू होत होता त्या कोपऱ्यात हाताएवढा एक आकाशी तुकडा, उन्हाने आणि धुण्याने पार विटलेला. बाकी कशाशीच त्याचा मेळ नव्हता, आणि म्हणूनच की काय नजर पहिली तिथे जायची. मैत्रिणीची आजी कोपऱ्यात बसून आलेल्या बायकांना घुगऱ्या वाटत होती. मी गोधडीवरून हात फिरवते आहे हे बघून ती म्हणाली, "मी शिवली गो ती. आवरली का? परत ये निवांत, दाखवीन तुला." आवडली, येते परत, म्हणून मी मान हलवली. तिच्यासमोर मी काही लिहून घेतलं नाही. बाळकुम नाक्यावर बस येईपर्यंत डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या मागे सगळी गोधडी काढून घेतली, चौकोनांच्या आकड्यांसह. निळा तुकडा पेन्सिलीने गडद केला.

इथपर्यंत माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. घरात पांघरायला, माझ्या होणाऱ्या बाळासाठी, आवडलेली गोष्ट बघून करायची, यात कसला गुन्हा? सगळ्या बायका हेच करत आल्या. कल्याणच्या आमच्या दीड खोलीत मी तीन महिने ती शिवत होते. लुगडी आईकडून आणली, आजूबाजूच्या बायकांनी दिली. आकाशी कापड मात्र कुठे मिळेना. तीन दुकानं पालथी घालून पॉपलिन आणलं, तर ते नवं कोरं, भडक. मग ते सोड्याच्या पाण्यात उकळलं, उन्हात टाकलं, परत उकळलं, परत टाकलं. असं पाच वेळा. नवरा म्हणाला, "नवीन कापड आणून जुनं करणारी तू पहिलीच." मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. तो विटका रंग अगदी जसाच्या तसा उतरला तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. आपण काय उतरवतो आहोत हे मात्र कळलं नव्हतं.

गोधडी घेऊन मी तुमच्याकडे आले तो दिवस. बाकी मुली गेल्या आहेत, तुम्ही मशीनला तेल घालता आहात. मी सतरंजीवर गोधडी उलगडते. तुम्ही हात पुसता, चष्मा लावता, खाली बसता, आणि दोरा कुठून निघाला ते बोटाने शोधत मधोमध येता. मग नेहमीप्रमाणे विचारता, "कुठून घेतलीस?" आणि मी म्हणते, "सुचली." हा एक शब्द बोलायला मला काहीच कष्ट पडले नाहीत, बाई. तुम्ही चष्मा काढलात आणि माझ्याकडे असं बघितलंत, जसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "बघ," तुम्ही म्हणालात, "मी म्हणत नव्हते?" त्या दिवशी तुम्ही मला ताटलीत दहीपोहे दिलेत. पूर्ण ताटलीभर.

मग तुम्हीच ती ठाण्याच्या महिला मंडळाच्या प्रदर्शनाला पाठवलीत. मी नको नको म्हणत होते, पण ते नको म्हणणं कितपत खरं होतं हे मलाच माहीत. सभागृहात दोरीवर गोधडी टांगलेली, खाली तुमच्या वळणदार अक्षरात कार्ड, 'कल्पना आणि शिवण', आणि त्यापुढे माझं नाव. पहिला नंबर आला. बक्षीस स्टीलचा मोठा डबा, आणि भांड्यांवर नावं घालणारा एक माणूस मंडळाने दारातच बसवला होता. त्याने माझ्यासमोर टकटक करून डब्यावर माझं नाव घातलं. परीक्षक बाई मोठ्या हौशी होत्या. त्यांनी निळ्या तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, "सगळी लालहिरवी ठेवून हा एकच आकाशी का हो घेतलात?" मी म्हटलं, "असाच. उठून दिसतो म्हणून." त्या वा वा करत पुढे गेल्या. तुम्ही गेला नाहीत. तुम्ही कोपऱ्याशी उभ्या होतात, आणि मी तुमच्याकडे बघायचं टाळून डबा पिशवीत घालत होते.

तलावपाळीला बाकावर बसून आपण शेंगदाणे खाल्ले ते आठवतं? माझे पाय सुजायचे त्या दिवसांत, म्हणून तुम्हीच म्हणालात, बसू या. निम्मी पुडी संपली. मग म्हणालात, "कोणाची आहे?" मी विचारलं, "काय कोणाची?" तुम्ही म्हणालात, "तू क्लासला साधं बटण लावलंस तरी इथेच का लावलं ते मला पाच मिनिटं सांगायचीस. तो तुकडा तू का लावलास ते तुला सांगता आलं नाही." मग मी सगळं सांगितलं. बारसं, आजी, बसस्टॉप, चिठ्ठी. मला वाटलं तुम्ही ओरडाल. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त साल फुंकून टाकलीत आणि म्हणालात, "घरात पांघरायला तू अशा दहा कर. त्या बाईला कळलं तर तिला बरंच वाटेल. पण तिच्या डोक्यातून निघालेल्यावर आपलं नाव लिहायचं नाही गं. आणि मी लिहिलंय ते, माझ्या हाताने." यातलं शेवटचं मला जास्त लागलं. "आता काय करू?" मी विचारलं. "जा तिच्याकडे. सांग, विचार. डबा तिला दे. ती हो म्हणाली की मी मंडळाला चिठ्ठी लिहिते." मी म्हटलं, "डब्यावर माझं नाव आहे." तुम्हाला हसू आलं. "असू दे. तिला कुठे वाचायचंय, तिला डाळ भरायचीय."

पुढच्या रविवारी मी गेले. म्हणजे बाळकुम नाक्यापर्यंत गेले. पिशवीत डबा होता. गल्लीच्या तोंडाशी जाळी वाळत घातली होती, तिथून मैत्रिणीचं घर दिसत होतं. ओटीवर आजी नव्हती, मैत्रीण होती, तिच्या नणंदा होत्या, कोणीतरी पाहुणे होते. त्या सगळ्यांसमोर मी काय सांगणार होते? उद्या कारखान्यात सगळ्या पॅकिंगमध्ये बोभाटा झाला असता. दहा मिनिटं उभी राहिले आणि पोटावर हात ठेवून, जणू मला बरं वाटत नाही असं कोणाला तरी दाखवत, परत फिरले. बघत कोणीच नव्हतं. डबा कल्याणला माळ्यावर, जुन्या गादीच्या मागे ठेवला.

आणि तुम्हाला सांगितलं, "गेले होते." तुम्ही विचारलंत, "काय म्हणाली?" मी त्या आजीचा आवाज काढून म्हटलं, "म्हणाली, कर गो, खुशाल कर, मना काय त्याचा." तुम्ही इतक्या मोकळ्या हसलात. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलात. मग माझी वही ओढलीत, गोधडीच्या नमुन्यापुढच्या रिकाम्या रकान्यात तुमच्या पेनाने लिहिलंत, 'बाळकुमच्या आजींची. विचारून घेतली.' आणि कपाटातून तुमची मोठी कात्री काढून माझ्या हातात दिलीत, जिला हात लावायची आम्हाला कोणालाच परवानगी नव्हती. "हिने कागद कापायचा नाही, फक्त कापड," एवढंच म्हणालात. मंडळालाही तुम्ही चिठ्ठी पाठवलीत. म्हणजे आजीचं नाव जिथे जायला हवं तिथे गेलं, तुमच्यामुळे. पण ज्या खरेपणाबद्दल ती कात्री मिळाली तो मी दाखवलेला नव्हता. ती कात्री घेऊन कल्याणला जाताना मला आनंदच झाला होता, हेही लिहून टाकते.

मग माझी मुलगी झाली, ती त्याच गोधडीत वाढली. नोकरी सुटली, क्लास सुटला, वर्षातून एकदा तिळगूळ घेऊन तुमच्याकडे येणं तेवढं राहिलं. दर वेळी तुम्ही विचारायचात, "बाळकुमच्या आजी कशा आहेत?" मी म्हणायची, "बऱ्या आहेत." मला काय माहीत कशा होत्या त्या! मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी तुमच्या जाण्याची बातमी मला चौथ्या दिवशी कळली. मी आले तेव्हा तुमचा पुतण्या आवराआवर करत होता. मशीनवर तुमचा अर्धवट ब्लाउज होता, पांढऱ्यावर जांभळे बारीक ठिपके, एक बाही लावलेली, दुसरी तशीच सुईखाली. क्लासच्या सगळ्या वह्या तुम्ही कपाटात जपून ठेवल्या होत्या. पुतण्याने माझी मला काढून दिली. "ताई, काकू तुमचं नाव फार घ्यायची," तो म्हणाला. "कोणाची तरी गोधडी तुम्ही विचारून केली होती म्हणे. नवीन मुली आल्या की ती गोष्ट ठरलेली." मी चपला घालायच्या विसरून जिन्यापर्यंत गेले.

घरी येऊन वही उघडली. 'विचारून घेतली.' तुमचं ते स्वच्छ अक्षर आणि खाली माझी लबाडी. दोन दिवस मी स्वयंपाक केला, धुणं केलं, मुलीचा अभ्यास घेतला, आणि सारखं डोक्यात हेच, की या बाईने माझं खोटं इतकी वर्षं खरं म्हणून लोकांना शिकवलं. तिसऱ्या दिवशी गोधडी घडी केली, माळ्यावरचा डबा काढून घासला आणि बाळकुमला गेले. नाक्यावर आता मोठ्या इमारतींचे बांबू लागले होते, पण गल्ली तशीच होती. आजी ओटीवर बसून सुकट निवडत होती. नजर अधू झालेली. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "बारशाला आलेली ना गो तू? परत येतंय म्हणाली न आली सात वरसांनी." मी तिच्या मांडीवर गोधडी ठेवली. तिने बोटांनी दोरा धरला आणि कोपऱ्यापासून मधोमध आली, अगदी तुमच्यासारखी. "माजीच हाय," ती म्हणाली. मग परत हात फिरवून, "नाय. माजी नाय." तेव्हा मी सगळं सांगितलं, तलावपाळीला तुम्हाला सांगितलं होतं ते आणि त्यानंतरचंही.

ती ऐकत होती की नाही कोण जाणे, तिचं बोट निळ्या तुकड्यावर होतं. "यो कोनाचा कपरा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कोणाचा नाही. दुकानातून आणला." ती म्हणाली, "मंग लावला कशाला?" मी म्हटलं, "तुमच्या गोधडीला होता म्हणून." तिने तुकड्यावरचं बोट उचललं नाही. मग म्हणाली, "तो माजे पोरीचा फराक व्हता. सा वरसांची व्हती. ताप भरला न तीन दिसांत गेली. जी जी गोधरी शिवते तिच्या कोपऱ्यात येक तुकरा लावते तिचा. पोरां झोपली क तीबी झोपते त्यांच्याजवल. आता थोराच ऱ्हायलाय." बाई, मी तो रंग सोड्याच्या पाण्यात पाच वेळा उकळून आणला होता. एका मेलेल्या मुलीच्या फ्रॉकचा विटका रंग मी डिझाइन म्हणून उतरवला होता, आणि वर सांगितलं होतं की उठून दिसतो. मी तिथे ओटीवर बसून रडले. इतकी की आत काम करणारी सून बाहेर आली.

आजी रडली नाही. तिने माझ्या पाठीवर सुकटीचा हात ठेवला. "रडतंय काय? पांघर गो. पांघराला कोन नाय म्हनतो? बाकीची मना तरी कुठं सुचली? माजे सासूची बघून शिवली मी. तिना कोनाची बघितली तिला ठावं. कोपरा तेवरा आपला लावाचा." मी डबा पुढे केला. तिने तो कानाशी धरून टिचकी मारली, झाकण लावून बघितलं, नावावरून अंगठा फिरवला. "काय लिवलाय?" मी म्हटलं, "माझं नाव." ती पहिल्यांदा हसली. "ऱ्हाऊ दे. सुकट ठेवाला बरा हाय." तर बाई, माझं नाव बाळकुमच्या एका घरात सुकटीवर आहे. तुम्ही म्हणाला होतात डाळ, तेवढाच फरक पडला. निघताना तिने विचारलं, "तुजा कोन गेला का?" मी म्हटलं, "माझ्या बाई गेल्या. शिवण शिकवायच्या." ती म्हणाली, "मंग त्यांचा लाव."

म्हणून त्या कोपऱ्यात आता निळा तुकडा नाही. तो मी त्याच आठवड्यात उसवला. आज त्या शेजारच्या मुलीला मी सांगितलं, "तो कोपरा सोडून बाकी सगळं घे. तिथे तुझं कोणीतरी लाव." तिला कितपत कळलं माहीत नाही, पण गुणी मुलगी आहे, म्हणाली, "खाली लिहीन हं काकू, तुमच्यावरून केली म्हणून." मी म्हटलं, माझ्यावरून नाही, बाळकुमच्या आजींवरून लिही, आणि जागा उरली तर त्यांच्या सासूबाईंवरून. तिने ते फोनमध्ये टिपून घेतलं.

ती वही आता माझ्यासमोर आहे. 'विचारून घेतली' हे मी खोडलेलं नाही. तुम्ही लिहिलंत तेव्हा ते खोटं होतं, सात वर्षांनी खरं झालं, आणि तुम्हाला ते कळवायला पत्ता उरला नाही. हा कागदही घडी करून त्याच पानात ठेवणार आहे. फक्त त्या पानावर खाली मी एक नवा नमुना चिकटवला होता, पांढऱ्यावर जांभळे ठिपके, बोटाएवढा, कोपऱ्यात लावून उरलेला. त्याच्यापुढे 'कसं केलं' लिहिलेलं आहे. 'कुठून घेतलं' हा रकाना एवढी वर्षं रिकामा आहे, आणि तुम्ही असतात तर तुमचा आवाज बदलला असता. तर लिहिते. सुईखाली राहिलेल्या तुमच्या बाहीवरून. त्या आवराआवरीच्या दिवशी तुमचा पुतण्या चहा टाकायला आत गेला होता, तेवढ्यात मी ती दोऱ्यासकट ओढून पर्समध्ये घातली. विचारून घेतलेली नाही.